पायाला भिंगरी की एडीएचडी? लहान मुलांच्या पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बालवाडीपासून तिसरीपर्यंतच्या मुलांचे आईबाबा, आजीआजोबा आणि बऱ्याचदा शाळेतल्या बाईसुद्धा जे प्रश्न पाठवत राहतात, ते इथे एकत्र केले आहेत. मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. औषधाची चिठ्ठी मी देत नाही, आणि हे पान वाचून निदानही होणार नाही. डॉक्टरांकडे जायचं का, कधी जायचं आणि जाताना काय घेऊन जायचं, एवढं मात्र ठरवता येईल. प्रश्न शक्यतो पालकांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

१. एडीएचडी म्हणजे नेमकं काय? साध्या भाषेत सांगा.

लक्ष एका जागी टिकवणं, अंगाची हालचाल आवरणं आणि मनात आलेलं क्षणभर थोपवणं, ही कामं काही मुलांच्या मेंदूला वयाच्या मानाने फार जड जातात. मेंदूच्या वाढीतला हा फरक आहे. पुस्तकी मराठीत त्याला अवधान-न्यूनता आणि अतिचंचलता म्हणतात, पण तो शब्द मी कुणा पालकाच्या तोंडी ऐकलेला नाही. सगळे एडीएचडीच म्हणतात.

त्याचे तीन प्रकार दिसतात: प्रामुख्याने लक्ष न लागणारं मूल, प्रामुख्याने चंचल आणि उतावळं मूल, आणि दोन्ही असलेलं मूल. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित अंदाज शंभरात साधारण ५ मुलं असा आहे. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात तीनेक.

२. आमचा मुलगा चार वर्षांचा आहे. एक मिनिट बूड टेकत नाही. एडीएचडीच असेल ना?

चार वर्षांचं मूल बूड टेकत नसेल तर बहुतेक वेळा ते चार वर्षांचं आहे म्हणूनच. लग्नाच्या हॉलमध्ये खुर्च्यांच्या रांगांमधून धावणारी पोरं बघा. त्यातल्या एकालाही डॉक्टरची गरज नसेल.

मी पालकांना चार गोष्टी विचारते. हे कुठे कुठे होतं: घरीच, की शाळेत, मामाकडे, बागेतही? किती दिवस चाललंय? त्याच्याच वयाच्या चार-पाच मुलांत तो उठून दिसतो का? आणि त्याचं स्वतःचं त्यात काय जातंय? मैत्री तुटते, सारखं लागतं-खुपतं, वाढदिवसाला बोलावणं येत नाही, असं काही आहे का? शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्याचंच उत्तर पालकांकडे बहुतेकदा तयार नसतं. आपल्याला किती त्रास होतो याचा हिशेब मात्र पाठ असतो.

डॉक्टर वापरतात त्या डीएसएम-५ या निकषांतही जवळपास हेच आहे: लक्षणं किमान सहा महिने टिकलेली हवीत, घर आणि शाळा अशा निदान दोन ठिकाणी दिसायला हवीत, बारा वर्षांच्या आधी सुरू झालेली हवीत, आणि त्यांच्यामुळे रोजच्या जगण्यात अडथळा यायला हवा.

३. पण घरात नेमकं काय दिसतं? यादी वाचली तर सगळीच मुलं तशी वाटतात.

बरोबर आहे, यादीचा दोषच तो आहे. निकषांमध्ये एकूण १८ लक्षणं आहेत, नऊ लक्षाची आणि नऊ चंचलता-उतावळेपणाची. यातल्या एका तरी गटातल्या नवांपैकी सहा जुळावी लागतात. एकेक सुटं घेतलं तर प्रत्येक घरात सापडेल. म्हणून यादीऐवजी एक सकाळ सांगते.

सव्वासातला व्हॅन येणार आहे. आई म्हणते, "मोजे घालून ये." पहिलीतला मुलगा "हो" म्हणून खोलीत जातो. वाटेत कपाटाखाली एक चाक नसलेली गाडी दिसते. ती काढायला तो आडवा होतो, तिथे खोडरबर सापडतो, खोडरबरावरून कंपासपेटी आठवते. पाच मिनिटांनी आई येते तेव्हा एक मोजा त्याने हातात चढवलाय आणि त्याचं तोंड करून त्याच्याशी गप्पा चालल्यात. दुसऱ्या मोज्याचा पत्ता नाही. आई ओरडते तेव्हा तो खरोखर दचकतो. "विसरलो" म्हणतो, आणि ते खोटं नसतं.

असं कधीमधी प्रत्येक घरात होतं. या घरात ते रोज होतं, तक्ता भिंतीवर लावूनही होतं, आणि त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान बहीण बूट घालून दारात उभी असते.

लक्षाच्या बाजूला हेच इतर रूपांत दिसतं: दोन कामं एकदम सांगितली की दुसरं गळून पडतं, डबा-पाण्याची बाटली-रुमाल आठवड्याला हरवतात, गणित येत असून बेरजेच्या जागी वजाबाकी होते, समोर बघून ऐकल्यासारखं वाटतं पण काहीच पोचलेलं नसतं. चंचलतेच्या बाजूला: जेवताना सतत उठणं, बसलं तरी हातपाय चालूच, अखंड बोलणं, प्रश्न संपायच्या आत उत्तर, घसरगुंडीच्या रांगेत मध्येच घुसणं, रस्त्यावर हात सोडवून पळणं. शेवटचं लक्षण हसण्यावारी नेऊ नका. या मुलांना अपघात जास्त होतात.

४. मुलगी एकदम शांत आहे. बाई म्हणतात, "वर्गात असते, पण नसते." हाही एडीएचडी असू शकतो?

असू शकतो, आणि हाच सगळ्यात उशिरा लक्षात येतो. मस्ती करणाऱ्या मुलाची तक्रार घरी येते. खिडकीबाहेर बघत बसलेल्या मुलीची येत नाही. ती वेंधळी, धांदरट, स्वप्नाळू ठरते आणि पाचवी-सहावीत अभ्यास वाढला की अचानक "घसरली" म्हणतात. निदान झालेल्यांत मुलग्यांची संख्या मुलींच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त असते. त्यातला काही फरक खरा आहे, काही आपल्या नजरेचा.

अशा मुलीकडे बघताना तिला किती येतं यापेक्षा ते करायला किती वेळ आणि किती आठवणी लागतात ते पाहा. वीस मिनिटांच्या गृहपाठाला दीड तास आणि शेजारी बसलेली आई, असं रोजचं असेल तर दाखवून घ्या. हीच तंद्री फिट्सचीही असू शकते, त्यासाठी प्रश्न ११ वाचा.

५. कोणत्या वयात खात्रीने सांगता येतं?

चारच्या आधी जवळजवळ नाहीच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना तपासणीसाठी चार वर्षांपासून पुढचं वय धरतात. आपल्याकडे बरेच डॉक्टर सहा वर्षं होईपर्यंत पक्कं नाव देत नाहीत, मधल्या काळात पालकांना वागणूक हाताळायला शिकवतात आणि पुन्हा बघतात. मला ते पटतं. "थांबू या" याचा अर्थ मात्र "काही करू नका" असा नाही. अडीच-तीन वर्षांचं मूल हाकेला बघत नसेल, बोलत नसेल तर ती वेगळी बाब आहे, तिथे एक दिवसही थांबू नका.

६. मोबाइल दिला की दोन तास हलत नाही. मग लक्षाचा प्रश्न कसा?

हा प्रश्न दर आठवड्याला येतो, बहुतेकदा आजोबांकडून, आणि विजयी सुरात.

या मुलांकडे लक्ष नसतं असं नाही, ते हवं तिकडे वळवता येत नाही. मोबाइलमध्ये दर दोन-तीन सेकंदाला काहीतरी नवं घडतं, लगेच बक्षीस मिळतं. तिथे लक्ष ओढून नेलं जातं, मुलाला स्वतः ते लावावं लागत नाही. शुद्धलेखनाच्या वहीत मात्र सगळं काम त्यालाच करायचं असतं. म्हणून कार्टूनसमोर शांत बसतो याने काहीच सिद्ध होत नाही. कंटाळवाण्या कामात काय होतं ते बघा.

७. मग मोबाइलमुळेच हे झालंय का?

मोबाइलने एडीएचडी होतो असं म्हणता येत नाही. स्कॉटिश डॉक्टर अलेक्झांडर क्रायटन यांनी लक्ष न ठरणाऱ्या माणसांचं वर्णन १७९८ मध्येच केलं होतं, आणि १९०२ मध्ये लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांवर व्याख्यानं दिली. तेव्हा रेडिओही घरात नव्हता.

पण उलटही खरं आहे. ज्याला एडीएचडी नाही असं मूल रात्री अकरापर्यंत मोबाइल बघून सकाळी सहाला उठवलं, तर शाळेत ते अगदी एडीएचडीसारखं वागेल. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाची झोप धरून १० ते १३ तास झोप लागते, सहा ते बाराच्या मुलाला ९ ते १२. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला दोन वर्षांखाली स्क्रीन नको आणि दोन ते पाचमध्ये जास्तीत जास्त एक तास असा आहे. तपासणीआधी तीन आठवडे झोप आणि स्क्रीन एवढं सांभाळून बघा. काही घरांत प्रश्न तिथेच निम्मा होतो.

८. साखर आणि चॉकलेट बंद केलं तर कमी होईल का?

दातांसाठी जरूर बंद करा. साखरेने मुलं चंचल होतात ही समजूत १९८० आणि १९९० च्या दशकांत बऱ्याच प्रयोगांनी तपासली आणि ती टिकली नाही. १९९४ चा एक प्रयोग मला फार आवडतो. आयांना सांगितलं, तुमच्या मुलाला भरपूर साखर दिली आहे. प्रत्यक्षात दिलं होतं साखर नसलेलं पेय. त्या आयांना आपली मुलं जास्त चंचल वाटली, आणि त्या मुलांवर जास्त टीका करू लागल्या, त्यांच्या जास्त जवळ घुटमळू लागल्या. वाढदिवसाच्या पार्टीत मुलं उधळतात त्याचं श्रेय केकपेक्षा पार्टीला द्या.

९. सासूबाई म्हणतात, आईला वळण लावता येत नाही म्हणून असं झालं.

उंची जितकी आनुवंशिक असते, त्याच्या जवळपास एडीएचडी असतो. जुळ्यांच्या अभ्यासांतून हा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या घरात येतो. वेळेआधी जन्म आणि जन्मतः कमी वजन यांनीही धोका वाढतो. वळणाने तो येत नाही. रोजच्या आरडाओरड्याने मात्र घर आणि मूल दोन्ही आणखी बिघडतात.

याच सासूबाई पुढच्या वाक्यात हमखास म्हणतात, "याचा बापही असाच होता, तिसरीत तीन छत्र्या हरवल्या." ती तक्रार म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना सांगा. उपयोगी माहिती आहे. (बाबा शेजारी बसलेले असतात आणि तोपर्यंत त्यांनी गाडीची किल्ली दोनदा शोधलेली असते.)

१०. मुलाचा जन्म डिसेंबरचा आहे, वर्गात सगळ्यात लहान आहे. शिवाय घरी मराठी आणि शाळा इंग्रजी. याचा संबंध असू शकतो का?

दोन्हींचा असू शकतो.

महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणं धरतात. त्यामुळे डिसेंबरात जन्मलेलं मूल आणि आदल्या जानेवारीत जन्मलेलं मूल एकाच बाकावर येतं. सहाव्या वर्षी हे अंतर आयुष्याच्या सहाव्या भागाएवढं असतं. अनेक देशांतल्या अभ्यासांत वर्गातल्या सर्वांत लहान मुलांना एडीएचडीचं निदान जास्त वेळा मिळालेलं दिसलं. म्हणून तुलना वर्गाशी करू नका, महिने मोजून बरोबरीच्या मुलाशी करा. बाईंनाही जन्मतारीख आठवून द्या, त्यांच्यासमोर पन्नास मुलं असतात.

भाषेचं असं, की "टेक आउट युवर बुक्स अँड ओपन पेज ट्वेल्व्ह" हे वाक्य ज्याला अर्धंच कळलं, तो शेजाऱ्याच्या वहीत डोकावणार, उशिरा सुरू करणार, कंटाळून उठणार. बाईंच्या डायरीत शेरा पडतो: लक्ष नाही. बर्लिन किंवा ह्यूस्टनला नुकत्याच गेलेल्या मराठी कुटुंबांच्या मुलांबाबतही हेच होतं. ओळखायची सोपी रीत: मराठीत गोष्ट सांगा, मराठीत दोन-तीन कामं एकापाठोपाठ सांगा. तिथे नीट जमत असेल तर आधी भाषेला सहा महिने द्या. मराठीतही गळत असेल तर भाषेवर ढकलू नका. आणि दोन भाषांमुळे एडीएचडी होत नाही, घरी मराठी बोलणं थांबवू नका.

११. एडीएचडीसारखं दिसतं पण दुसरंच असतं, असं काय काय असू शकतं?

बरंच काही. कमी ऐकू येणं: सर्दी-कानाच्या दुखण्याने कानात पाणी साठलेलं मूल हाकेला ओ देत नाही. नजर कमी असणं. अ‍ॅडिनॉइड (नाकाच्या मागच्या बाजूची गाठ) वाढलेलं मूल तोंड उघडं ठेवून झोपतं, घोरतं, रात्रभर झोप मोडते आणि दिवसा चिडचिड, चुळबुळ करतं. मोठी माणसं झोप झाली नाही की पेंगतात, लहान मुलं उधळतात, हे कित्येकांना माहीत नसतं. अंगात लोह कमी असणं, थायरॉइड. वाचनाची अक्षमता, जिथे पुस्तक उघडलं की पोटात दुखतं. चिंता, घरातलं भांडण, मारहाण, नुकतंच झालेलं कुणाचं जाणं.

तंद्रीबद्दल एक खूण लक्षात ठेवा. स्वप्नाळू मूल खांद्याला हात लावला की भानावर येतं. काही सेकंदांसाठी डोळे एका जागी थिजतात, बोलता बोलता वाक्य अर्धं राहतं, हात लावूनही ओ नाही आणि नंतर काहीच आठवत नाही, असं दिवसात अनेकदा होत असेल तर ती एक प्रकारची फिट असू शकते. मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि तो डॉक्टरांना दाखवा.

यातलं एखादं कारण एडीएचडीच्या जोडीनेही असतं. स्वमग्नताही (ऑटिझम) जोडीला असू शकते. २०१३ पर्यंत निकष दोन्हींचं एकत्र निदान करू देत नव्हते, आता देतात.

१२. कोणाकडे जायचं? एमआरआय करावा लागतो का?

एडीएचडी दाखवणारी रक्ताची चाचणी नाही, एमआरआय नाही, ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख) नाही. दुसऱ्या आजाराची शंका असेल तर डॉक्टर त्या सांगतील. फक्त "एडीएचडी बघायला" मेंदूचा स्कॅन सुचवला तर कारण विचारा.

सुरुवात तुमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांपासून करा. ते कान-डोळे तपासून पुढे बालविकासतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतात. गावात हे कुणी नसतं, हेही मला माहीत आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतात. २०१३ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमाच्या तपासणी यादीत एडीएचडी आहे, पण विचारल्याशिवाय ते पुढे येईलच असं नाही. पथकाला स्वतःहून सांगा. ते जिल्हा रुग्णालयातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवू शकतात. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, तिथेही वाट विचारता येते.

जाताना दोन आठवड्यांची वही घेऊन जा. "फार मस्ती केली" असं लिहू नका, घडलं ते लिहा. एका आईच्या वहीतल्या धर्तीच्या तीन ओळी:

सोमवार, रात्री ८: जेवताना पाच वेळा उठला. आजी गोष्ट सांगत होती तेवढा वेळ बसला.
मंगळवार: बागेत रांगेत घुसला, दोघांना ढकललं. ते खेळेनात तेव्हा स्वतःच रडला.
बुधवार: दुपारी झोपला नव्हता. सगळंच बिघडलं.

डॉक्टरांच्या पंधरा मिनिटांत या तीन ओळी तुमच्या अर्ध्या तासाच्या बोलण्याहून जास्त सांगतात. बाईंकडूनही अशाच चार ओळी मागून घ्या, कारण दुसऱ्या ठिकाणाची माहिती नसेल तर निदान लंगडं पडतं.

१३. निदान झालं की लगेच गोळ्या सुरू करतात का?

सहा वर्षांखाली नाही. तिथे पहिला उपचार पालकांचं प्रशिक्षण असतो: एका वेळी एकच सूचना, जवळ जाऊन, डोळ्यांत बघून, चांगलं केलं की त्याच क्षणी शाबासकी, दिवसाचा ठरलेला क्रम. ऐकायला बाळबोध वाटतं. करून बघा, तिसऱ्या दिवशी घाम फुटतो.

सहाच्या पुढे गरज असेल तर वागणुकीच्या उपचारांच्या जोडीने औषध दिलं जातं. मिथाइलफेनिडेट हे सगळ्यात जास्त वापरलं जाणारं. त्याने भूक मंदावते, झोप लांबू शकते, म्हणून वजन-उंची मोजत राहतात. ते नियंत्रित औषध असल्याने दुकानदार चिठ्ठीशिवाय देत नाही, देऊही नये. ओळखीच्या मुलाची गोळी आपल्या मुलाला देऊन बघणं हा प्रकार मी दोनदा पाहिलाय. कृपा करून नको.

१४. शाळेत गुणी, घरी धिंगाणा. किंवा उलटं. मग काय समजायचं?

फक्त घरी असेल तर घराकडे बघा: झोप, ताण, नियम रोज बदलतात का. पण काही मुलं शाळेत दिवसभर सगळी ताकद लावून स्वतःला आवरतात आणि घरी दप्तर टाकताच फुटतात, विशेषतः मुली. बाईंना "शांत आहे का" असं विचारू नका, "काम पूर्ण करते का" असं विचारा. उत्तर कधी कधी बदलतं.

फक्त शाळेत असेल तर वाचन-लेखनाची अडचण, भाषा (प्रश्न १०), कुणी चिडवतंय का, हे आधी तपासा.

दवाखान्यात मूल पुतळ्यासारखं बसलं म्हणून "काही नाही" असं कुणी म्हणालं तर वही पुढे करा. नवी जागा, अनोळखी माणूस, समोर खेळणी, अशा वेळी बरीच मुलं वीस मिनिटं छान बसतात.

१५. शाळा म्हणते, औषध सुरू करा नाहीतर दाखला घेऊन जा. असं चालतं का?

औषध ठरवणं हे डॉक्टर आणि पालकांचं काम आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही आणि शारीरिक शिक्षा किंवा मानसिक छळ करता येत नाही. दोन अडचणी आहेत. बालवाडी आणि केजीच्या मुलांना हे संरक्षण लागू होत नाही, आणि २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांनाही नाही. शाळेने तोंडी सांगितलेलं लेखी मागा. बऱ्याच वेळा ते लेखी येत नाही.

१६. एडीएचडीचं अपंगत्व प्रमाणपत्र मिळतं का? परीक्षेत जास्त वेळ मिळेल का?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण) आहेत, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. म्हणून नुसत्या एडीएचडीवर प्रमाणपत्राची आशा धरू नका. मात्र अनेक मुलांना जोडीने अध्ययन अक्षमता असते, आणि ती असेल तर प्रमाणपत्र आणि त्यावर बोर्डाच्या परीक्षेतल्या सवलती मिळू शकतात. ते प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आधी देत नाहीत. त्यामुळे पहिली-दुसरीत त्यासाठी रांगा लावू नका. तोपर्यंत बाईंशी बोलून मुलाला पहिल्या बाकावर, खिडकीपासून लांब बसवून घ्या आणि फळा पुसायचं काम मागून घ्या. त्याला उठायला एक हक्काचं निमित्त होतं.